गरुडापाशी भेट: एका विलापिकेचं प्रकरण

हे प्रकरण एका कवितेचं आहे. ती लिहिली फिलाडेल्फियात राहणाऱ्या एका मराठी बाईंनी. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, इथंही तेवढंच म्हणते. विषय असा की शहराच्या मध्यावर, सिटी हॉलला लागून असलेलं जुनं डिपार्टमेंट स्टोअर बंद झालं. मेसीज कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये बंद होणाऱ्या ६६ दुकानांची यादी काढली, तीत हे होतं. २३ मार्चला दारं मिटली. कविता मात्र मे महिन्यात पुरी झाली. त्याआधी तिचे दोन खर्डे फसले, आणि दुसरा फसला त्यात चूक माझी होती. म्हणून सगळं क्रमानं मांडते.

आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि आपापल्या कविता वाचतो. फेब्रुवारीच्या बैठकीत काकूंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सुरुवात अशी होती:

संगमरवरी स्वप्ना, तुझी मिटली कवाडे
काळाच्या गर्दीत गेले सोनियाचे वाडे

पुढे अशाच बारा ओळी. वाचताना काकूंचा आवाज दाटला, आमच्यातल्या एक-दोघांचे डोळेही भरून आले. पण ते पाणी काकूंसाठी होतं. कविता स्वतःच्या बळावर काहीच करत नव्हती. शोककविता वाचताना मी एक साधी परीक्षा घेते: गेलेल्याचं नाव बदलून पाहायचं. या ओळी बंद पडलेल्या नाट्यगृहाला लावा, गिरणीला लावा, एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्याला लावा. कविता कुठंच अडखळत नाही. ‘वाडे’ आणि ‘कवाडे’ ही जोडी तर मराठीत इतकी जुनी झाली आहे की पहिला शब्द ऐकला की कान दुसऱ्याची वाटच पाहतात. दुःख खरं होतं, शब्द उसने होते.

मी काकूंना म्हटलं, “काकू, यात ते दुकान दिसत नाही. त्याची माहिती आणा ना कवितेत. तिथं काय काय होतं, ते येऊ द्या.”

“आणते,” त्या म्हणाल्या. “माहिती मला पुष्कळ आहे.”

हाच तो चुकलेला सल्ला. तो का चुकला हे कळायला आधी ती माहिती काय होती ते सांगायला हवं.

जॉन वॉनामेकर यांनी १८७६ मध्ये, पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या एका जुन्या मालधक्क्याच्या जागेत हे दुकान थाटलं. पुढे त्याच जागी डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदानं १२ मजल्यांची इमारत उभारली आणि डिसेंबर १९११ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. आत मधोमध सात मजले उंच मोकळा चौक आहे. त्यात ब्राँझचा गरुड बसवलेला आहे. आउगुस्ट गाउल या जर्मन शिल्पकारानं केलेला हा गरुड सेंट लुईसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनातून आला. वजन २,५०० पौंड, आणि पिसं पाच हजार असल्याचं सांगतात. चौकातला ऑर्गन, म्हणजे नळ्यांतून हवा सोडून वाजवायचं अवाढव्य वाद्य, तोही त्याच प्रदर्शनासाठी बांधलेला. तो आणायला मालगाडीच्या १३ वाघिणी लागल्या, जोडायला दोन वर्षं गेली, आणि २२ जून १९११ ला, लंडनमध्ये पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक होत होता त्या दिवशी, तो पहिल्यांदा वाजला. तरी एवढ्या उंच चौकाला त्याचा आवाज पुरेना. मग दुकानातच वरच्या मजल्यावर कारखाना काढून त्याला नळ्या जोडत गेले. ते काम १९३० पर्यंत चाललं. आज नळ्या २८,७५० आहेत, आणि चालू स्थितीतला जगातला सर्वांत मोठा पाइप ऑर्गन म्हणून तो ओळखला जातो. रविवार सोडून रोज दोनदा त्याचं वादन होई. नाताळात चौकाच्या भिंतीवर दिव्यांचा खेळ होई, १९५६ पासून.

मार्च महिन्यात काकू दुसरा खर्डा घेऊन आल्या. यातलं जवळजवळ सगळं त्यात होतं. मुक्तछंदात, चार पानं. टाफ्ट होते, बर्नहॅम होता, आठव्या मजल्यावरच्या खेळण्यांच्या विभागातून मुलांना फिरवून आणणारी छोटी मोनोरेलसुद्धा होती. वाचून झाल्यावर खोलीत जी शांतता पसरली ती पहिल्या खर्ड्याच्या वेळेपेक्षा वाईट होती. कुणीतरी म्हणालं, “केवढी माहिती मिळाली!” कवितेला याहून कठोर शेरा नसावा, आणि तो देणाऱ्यानं तर मनापासून कौतुकच केलं होतं.

एक ओळ मात्र मी तेव्हाच वहीत उतरून घेतली:

तेरा वाघिणी भरून आला एक आवाज

ही ओळ जिवंत आहे, कारण तिच्यात आकडा कुणावर तरी आदळतो. तेरा डबे लोखंड, लाकूड आणि कातडं येतं, आणि या सगळ्यातून निघतो तो एकच आवाज. बाकीचे आकडे काकूंना ठाऊक होते एवढंच. त्यांना स्वतःला ते कधी भिडले नव्हते. मी माहिती मागितली होती आणि त्यांनी प्रामाणिकपणे माहिती आणली. मागायला हवं होतं ते वेगळंच.

गेलं ते कोण?

त्या रात्री घरी परतताना मला या कवितेची खरी अडचण लक्षात आली. विलापिका लिहायची तर कुणीतरी गेलेलं असावं लागतं. इथं गेलं होतं कोण?

इमारत? ती जागच्या जागी उभी आहे, १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून तिची नोंद आहे. ऑर्गन शाबूत आहे. गरुड जागेवर आहे, आणि दोन्ही जपू असं जागेच्या नव्या मालकांनी जाहीर केलं आहे. मग दुकानाचं नाव गेलं म्हणावं, तर वॉनामेकर हे नाव १९९५ मध्येच पाटीवरून उतरलं. त्यानंतर हेक्ट्स, मग स्ट्रॉब्रिजेस, मग लॉर्ड अँड टेलर अशा पाट्या लागल्या आणि २००६ पासून मेसीज. व्यापार म्हणाल तर तोही कधीचाच आक्रसला होता: वरचे मजले कचेऱ्यांना गेले आणि दुकान खालच्या तीन मजल्यांवर उरलं. गिऱ्हाईक आधी उपनगरांतल्या मॉलकडे वळलं आणि मग फोनच्या पडद्याकडे. मेसीजनं २०२४ च्या फेब्रुवारीतच देशभरातली सुमारे १५० दुकानं बंद करण्याचा बेत सांगितला होता. त्यामुळे धक्का बसावा असं काही घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला. विचारलं, “काकू, पंच्याण्णव साली वॉनामेकर हे नाव गेलं तेव्हा तुम्ही कविता लिहिली होती का?”

“नाही गं. वाईट वाटलं. पण मी त्याला वॉनामेकरच म्हणत राहिले, त्यात काय.”

“मग आत्ताच का लिहावीशी वाटली?”

त्यांना उत्तर देता आलं नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटत होता आणि अजूनही वाटतो. नाव गेलं तेव्हा कविता आली नाही, मजले गेले तेव्हा आली नाही. तीस वर्षांनी आली. म्हणजे या तीस वर्षांत जे शिल्लक होतं आणि या मार्चमध्ये जे संपलं, तेवढंच या कवितेचं मयत.

पिसं

ते सापडलं अगदी क्षुल्लक जागी. दुसऱ्या खर्ड्यात ‘पाच हजार पिसांचा गरुड’ असे शब्द होते. मला आकड्यांची शंका घेण्याची खोड आहे. म्हणून त्याच फोनवर मी विचारलं, “पाच हजार हे कुणी मोजलंय का?”

काकू म्हणाल्या, “मी नाही मोजली. माझ्या लेकीनं घेतली होती मोजायला. मी येईपर्यंत.”

“येईपर्यंत म्हणजे?”

मग त्यांनी सांगितलं. १९८४ चा डिसेंबर. मुलगी पाच वर्षांची. दिव्यांचा खेळ बघायला चौकात माणसं जमिनीवर दाटीवाटीनं बसली होती. खेळ संपला, सगळी एकदम उठली आणि हातातला हात सुटला. काकूंनी तिला आधीच सांगून ठेवलेलं होतं, दर वेळी आत शिरताना सांगत असत: हरवलीस तर गरुडापाशी उभी राहा, कुठं जाऊ नकोस, मी तिथं येईन. काकू गर्दी कापत पोचल्या तेव्हा पोरगी ओट्याला टेकून पिसांवर बोट ठेवून मोजत होती. रडत नव्हती.

“आणि तुम्ही?”

“मी रडले की. तिला कळू दिलं नाही.”

फिलाडेल्फियात हे वाक्य सगळ्यांचंच आहे: गरुडापाशी भेटू. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकमेकांना हेच सांगत आली. मोबाइल नव्हते तेव्हा तर शहराच्या मध्यावर भेटायची ही हक्काची जागा. आणि ती चालायची कारण आत जायला कुणी कारण विचारत नसे. काकू १९७६ मध्ये आल्या, जवळच एका कचेरीत फायली लावायच्या कामाला लागल्या. इंग्रजी बोलायला जीभ धजत नसे. दुपारच्या सुट्टीत त्या या चौकात येऊन ऑर्गन ऐकत आणि मग दुकानातून फिरत. विकत काही घेत नसत. “प्रत्येक वस्तूला चिठ्ठी,” त्या म्हणाल्या, “किंमत विचारायला नको, कुणाशी बोलायला नको.”

हे ऐकून मला वॉनामेकरांचं जुनं धोरण आठवलं. ठरलेली एकच किंमत आणि ती वस्तूवरच्या चिठ्ठीवर, ही पद्धत अमेरिकेत ज्यांनी रुळवली त्यांत त्यांचं नाव अगदी पुढे घेतलं जातं. त्याआधी किंमत विचारायची, घासाघीस करायची, म्हणजे बोलणं आलंच. चिठ्ठीमुळे मुकाट्यानं बघण्याची मुभा मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बायका एकट्यानं घराबाहेर पडून निर्धास्त वावरू शकतील अशा जागा थोड्या होत्या, त्यांत ही मोठी दुकानं होती. शंभर वर्षांनी, दूर देशातून आलेल्या एका बाईला तीच मुभा उपयोगी पडली.

आता मयत कोण ते स्पष्ट झालं. गरुड आहे, ऑर्गन आहे, पण ‘गरुडापाशी थांब, मी येते’ असं कुणाला सांगता येत नाही. संपलं ते हे वाक्य. नाव बदललं तरी दार उघडं होतं, म्हणून १९९५ मध्ये ते वाक्य जिवंत राहिलं. दार मिटल्यावर ते गेलं. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग “ठेवते” म्हणून फोन ठेवला.

तिसरा खर्डा

एप्रिलच्या अखेरीस तो आला. चार पानांच्या जागी पाच कडवी. मुक्तछंद सोडून काकूंनी मोठ्या अभंगाचा छंद धरला होता: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या आणि तिसऱ्याला यमक. मी त्यांना छंद सुचवला नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, लहान मुलाला सांगायचं ते असंच तुकड्या-तुकड्यानं सांगतो ना आपण.

नको पुसू आता
कुठे भेटायाचे
ठिकाण नावाचे
राहिलेले

हरवलीस ना
थांब गरुडाशी
पंखाच्या तळाशी
मी येईन

वीसपर्यंतच
येत होते अंक
पिसे ती असंख्य
मोजलीस

गरुड तो आहे
सूर आहे आत
दार नाही हात
लावायला

म्हातारी मी आता
हरवत जाते
तुलाच पुसते
कुठे थांबू?

मला आधी दिसलं ते यात नसलेलं. वॉनामेकर नाही, मेसीज नाही, साल नाही, संगमरवर नाही. नाव बदलून पाहण्याची परीक्षा इथं लावताच येत नाही, कारण बदलायला नावच नाही. तरी ही कविता दुसऱ्या कुठल्या दुकानाची होऊ शकत नाही. पाच हजार हा आकडाही गेला, आणि त्याच्या जागी आलं वीसपर्यंतच मोजता येणारं पोर. पाच हजार वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढे जातो. वीस येणाऱ्या मुलीसमोर पिसं खरोखर असंख्य होतात. दुसऱ्या खर्ड्यातली आणि इथली माहिती एकच. इथं ती कुणाच्या तरी बोटाखालून आली आहे.

चौथं कडवं मला सर्वांत अवघड वाटतं. ‘दार नाही हात लावायला’ यात चरण मोडतो तिथंच हातही अधांतरी राहतो. हे मी काकूंना दाखवलं, तर त्यांनी ते योजून केलं नव्हतं. छंद पाळताना असं पुष्कळदा हाती लागतं, आणि म्हणूनच शोकाच्या कवितेला छंदाचा धाक असलेला मला बरा वाटतो. मन भरून आलेलं असलं की मुक्तछंद वाहवत जातो. सहा अक्षरांत रडायला जागाच नसते.

बैठकीत तीन गोष्टींवर वाद झाले.

पहिला ‘गरुड’ या शब्दावर. अभंगाचा छंद आणि त्यात गरुड म्हटलं की मराठी वाचक पंढरपूरच्या गरुडखांबापाशी जाऊन पोचतो, ब्राँझचा जर्मन पक्षी दूर राहतो, असा एकाचा आक्षेप होता. ‘ईगल’च ठेवा, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप खोटा नव्हता. पण काकूंनी लेकीला ‘गरुड’ असंच सांगितलं होतं, घरात दुसरा शब्द नव्हताच. शिवाय खांबाला मिठी मारून उभं राहणारी माणसं आणि ओट्याला टेकलेली पोर यांत मला काही विसंगत दिसेना. शब्द राहिला.

दुसरा वाद यमकाचा. ‘अंक’ आणि ‘असंख्य’ हे काटेकोर यमक नव्हे. काकूंना ते टोचत होतं, दोन दिवस त्यांनी दुसरा शब्द शोधला. मी म्हटलं, काकू, राहू द्या. वीसवर अडणाऱ्या मुलीच्या कडव्यात यमक थोडं अडखळलं तर बिघडत नाही. याच ओघात ‘भेटायाचे’चा प्रश्न निघाला. आज कुणी असं बोलत नाही. ‘भेटायचे’ केलं तरी अक्षरं चारच भरतात. पण मग ‘नावाचे’शी असलेलं नादाचं नातं सैल होतं, म्हणून ते तसंच ठेवलं. चौथ्या कडव्यात मात्र काकूंनी ‘लावायाला’ लिहिलं होतं. तिथं यमकाची गरज नव्हती, सबब ‘लावायला’ केलं. वर दिलं आहे ते दुरुस्त रूप.

तिसरा वाद शेवटच्या कडव्याचा, आणि तो मीच काढला. चार कडव्यांत कविता पुरी होते असं मला वाटत होतं. पाचवं दुकान सोडून म्हातारपणाकडे जातं, शोकाचा विषय बदलतो, असं मी म्हटलं. काकूंनी मोठ्या शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “अगं, पहिल्या कडव्यात लेक पुसते, शेवटच्यात मी पुसते. मधलं सगळं त्यासाठीच आहे.”

मी पुन्हा वाचलं. ‘नको पुसू’ आणि ‘तुलाच पुसते’. दोन टोकांना तोच धातू होता, माझ्या नजरेतून सुटलेला. जे वाक्य आईनं मुलीला दिलं ते आता मुलीकडून परत हवं आहे, आणि देण्यासाठी जागा उरलेली नाही. दुकानाच्या बंद होण्याचा याहून नेमका अर्थ मला सांगता आला नसता. कडवं राहिलं.

मे महिन्यात काकूंनी कविता लेकीला फोनवर पाठवली. ती आता पंचेचाळिशीची, दुसऱ्या राज्यात असते, मराठी सावकाश वाचते. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. मग आलं ते एका ओळीचं होतं: आई, मला तीसपर्यंत येत होते.

काकूंनी मला फोन करून विचारलं, “काय करू गं?”

मी अक्षरं मोजली. वीस काय, तीस काय, दोन्ही दोनच अक्षरं, छंदाला काही धक्का नाही. पण ‘वीस’ कानाला बरं वाटतं, पाच वर्षांच्या मुलीला शोभतं, असं मला वाटलं आणि तसं मी म्हटलंही.

“शोभतं खरं,” काकू म्हणाल्या, “पण उभी ती होती तिथं.”

वहीत आता ‘तीसपर्यंतच’ आहे.